बॉर्डरवरची शुगर आणि लघवीची राहून गेलेली तपासणी

उपाशीपोटी साखर ११२. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ६.०. एकूण कोलेस्टेरॉल २०४, ट्रायग्लिसराइड १८६, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) ३८, एलडीएल (‘वाईट’) १२९. क्रिएटिनिन ०.९. पुरुष, वय ४४, पोट सुटलेलं, रक्तदाब १३४/८६. हा रिपोर्ट समजावण्यासाठी रचलेला आहे, पण असे कागद रोज कुठल्याही लॅबमधून बाहेर पडतात. ते पाहून बहुधा सांगितलं जातं, ‘शुगर बॉर्डरवर आहे, गोड कमी करा. कोलेस्टेरॉल थोडं जास्त आहे. किडनी नॉर्मल.’ पहिली दोन वाक्यं ठीक आहेत. तिसरं मात्र या कागदावरून म्हणताच येत नाही.

क्रिएटिनिन हा स्नायूंतून रक्तात येणारा टाकाऊ पदार्थ; त्यावरून किडनीची गाळणी किती वेगाने गाळते याचा अंदाज येतो. गाळणीचं कापड विरायला लागलंय का, ते त्यातून कळत नाही. ते कळतं लघवीत अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन किती उतरतंय त्यावरून, आणि ही तपासणी या रिपोर्टमध्ये नाहीच. ‘केएफटी’ किंवा ‘आरएफटी’ नावाच्या किडनीच्या पॅकेजमध्ये युरिया, क्रिएटिनिन, युरिक अ‍ॅसिड, सोडियम, पोटॅशियम असतं. लघवीतलं अल्ब्युमिन सहसा नसतं. ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये लघवी घेतात, पण ती नेहमीची रुटीन तपासणी. तिचं पुढे सांगतो.

या लेखातला मुद्दा एवढाच आहे: साखर बॉर्डरवर, ट्रायग्लिसराइड वर आणि एचडीएल खाली अशी तिन्ही एकत्र दिसली, तर रक्तातली चरबी किडनीकडे बोट दाखवते आहे असं धरावं आणि लघवीची एसीआर (अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर) तपासणी मागून घ्यावी. चरबीच्या आकड्यांवरून किडनीचं निदान करू नये, आणि क्रिएटिनिन नॉर्मल म्हणून निश्चिंतही होऊ नये.

बॉर्डर म्हणजे नेमकी कुठली

अमेरिकन निकषांत उपाशीपोटी साखर १०० ते १२५, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी १४० ते १९९, किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४, यातलं काहीही असलं तर प्री-डायबेटिस. जागतिक आरोग्य संघटना उपाशीपोटीची रेष ११० पासून धरते. म्हणून १०४ साखर असलेल्या माणसाला एक डॉक्टर ‘प्री-डायबेटिक’ म्हणतात आणि दुसरे ‘काही नाही’ म्हणतात; दोघंही आपापल्या निकषाने बरोबर असतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशभरातल्या पाहणीत सुमारे १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी प्री-डायबेटिक असा अंदाज निघाला. त्यात मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यात होतं, २६.४ टक्के.

एचबीए१सीला आपल्याकडे दोन खास अडचणी आहेत. लोह कमी असलं तर तो खऱ्यापेक्षा जास्त येतो, आणि लोहाची कमतरता असलेल्या बायका आपल्याकडे घरोघरी आहेत. दुसरी अडचण सिकलसेलची. गडचिरोली, नंदुरबार आणि विदर्भातल्या काही समाजांत सिकलसेलचे वाहक बरेच आहेत. वाहकांमध्ये काही मशीनवर एचबीए१सी चुकीचा येतो, शिवाय सिकलसेलचं वाहक असणं हेच किडनीच्या आजाराचा धोका वाढवतं. अशा कुटुंबात साखरेसाठी ग्लुकोज पिऊन केलेली तपासणी धरावी, आणि लघवीत अल्ब्युमिन सापडलं तर सगळा दोष साखरेवर ढकलू नये.

चरबीचा हा विशिष्ट साचा का बनतो

इन्सुलिनचं एक काम असतं चरबीच्या पेशींना ‘आता साठा मोडू नका’ असं सांगण्याचं. इन्सुलिनचं ऐकू येणं कमी झालं की पोटातली चरबी विरघळून फॅटी अ‍ॅसिड यकृतात येत राहतात. यकृत ती ट्रायग्लिसराइडमध्ये बांधतं आणि व्हीएलडीएल नावाच्या मोठ्या कणांत भरून रक्तात सोडतं. रक्तात हे कण जास्त झाले की देवाणघेवाण सुरू होते: सीईटीपी नावाचं प्रथिन व्हीएलडीएलमधलं ट्रायग्लिसराइड एचडीएल आणि एलडीएलमध्ये घालतं आणि त्यांच्यातलं कोलेस्टेरॉल काढून घेतं. ट्रायग्लिसराइडने फुगलेल्या एलडीएलवर यकृतातलं लायपेज हे चरबी मोडणारं विकर काम करतं आणि तो लहान, घट्ट कण होतो. एलडीएलचा आकडा १२९ च दिसतो, पण त्या १२९ मध्ये कणांची संख्या जास्त असते.

एचडीएलचं काय होतं ते जरा जवळून बघण्यासारखं आहे. ट्रायग्लिसराइडने भरलेलं एचडीएल अस्थिर होतं आणि त्याच्यावरचं एपो-ए-१ हे प्रथिन सुटतं. सुटं झालेलं हे प्रथिन इतकं लहान असतं की ते किडनीच्या गाळणीतून खाली उतरतं. गाळणीनंतरच्या नलिकेच्या पेशी क्युबिलिन आणि मेगॅलिन या ग्राहकांनी (पेशीवरच्या पकडणाऱ्या प्रथिनांनी) ते पकडतात आणि मोडून टाकतात. म्हणजे रिपोर्टमधला ३८ हा आकडा खाली येण्याचा एक रस्ता खुद्द किडनीतूनच जातो. आणि याच नलिकेत, याच दोन ग्राहकांनी, चुकून उतरलेलं अल्ब्युमिनही परत घेतलं जातं.

किडनीत त्याच वेळी काय चाललेलं असतं

दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळून काढतात. तेवढ्या प्लाझ्मात ७ किलोहून जास्त अल्ब्युमिन असतं, आणि निरोगी माणसाच्या लघवीत दिवसभरात त्यातलं ३० मिलिग्रॅमसुद्धा येत नाही. अडवणारे तीन थर आहेत: रक्तवाहिनीचं आतलं अस्तर, मधला पडदा, आणि बाहेरून बोटं गुंतवून बसलेल्या पोडोसाइट पेशी. या पेशी गळून गेल्या की त्यांची जागा भरायला नव्या जवळजवळ येतच नाहीत.

साखर वाढू लागली की किडनी आधी जास्त गाळते, कमी नव्हे. नलिकेच्या सुरुवातीला साखर परत शोषली जाते आणि साखरेबरोबर सोडियमही. जास्त साखर उतरली की जास्त सोडियम मागे फिरतं, आणि पुढे मीठ मोजणाऱ्या पेशींपर्यंत कमी पोचतं. त्यांना वाटतं रक्त कमी येतंय, म्हणून त्या गाळणीत शिरणारी रक्तवाहिनी उघडतात. आत दाब वाढतो, गाळण्याचा वेग वाढतो. नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरात मधुमेह नसलेल्या लोकांचा गाळण्याचा वेग आयोहेक्सॉल हे द्रव्य टोचून प्रत्यक्ष मोजला गेला आणि काही वर्षांनी पुन्हा मोजला. प्री-डायबेटिस असलेल्यांमध्ये हा अतिवेग आणि लघवीतलं अल्ब्युमिन वाढण्याकडचा कल, दोन्ही जास्त आढळलं.

म्हणून या टप्प्यावर क्रिएटिनिन फसवतं. क्रिएटिनिनवरून गाळण्याचा वेग काढायच्या सीकेडी-ईपीआय २०२१ या सूत्रात ०.९ क्रिएटिनिन असलेल्या ४४ वर्षांच्या पुरुषाचा ईजीएफआर (गाळण्याचा अंदाजे वेग) १०८ निघतो. त्याच ०.९ ला ४४ वर्षांच्या बाईचा ८१ आणि ७० वर्षांच्या बाईचा ६९ निघतो. लॅबच्या छापील मर्यादेत तिघंही ‘नॉर्मल’. लॅबने ईजीएफआर छापला नसेल तर तो काढून घ्या. नुसतं क्रिएटिनिन वाचू नका. आणि १०८ हा आकडा चांगल्या किडनीचा आहे की जोर लावून पळणाऱ्या किडनीचा, हे त्या आकड्यातून कळत नाही.

आता चरबी. नलिकेच्या पेशी ऊर्जेसाठी मुख्यतः फॅटी अ‍ॅसिडच जाळतात, त्यामुळे चरबी तिथे परकी नाही. त्रास होतो तो आवक जळण्यापेक्षा जास्त झाली की. अल्ब्युमिन फॅटी अ‍ॅसिड पाठीवर घेऊन फिरतं; गाळणीतून जास्त अल्ब्युमिन उतरलं की ते ओझंही नलिकेत उतरतं. पेशीत चरबीचे थेंब साठतात, मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जाकेंद्रं) थकतात, सूज आणि मग तंतू बनायला लागतात. पोडोसाइटमध्येही चरबी साठते. १९८२ साली मूरहेड आणि सहकाऱ्यांनी ‘चरबी किडनीला विषारी ठरते’ ही कल्पना सविस्तर मांडली, आणि पेशींवरच्या व प्राण्यांवरच्या कामातून तिला बराच आधार मिळाला आहे.

माणसांत मात्र चित्र इतकं सरळ नाही. प्री-डायबेटिस असलेल्यांत ट्रायग्लिसराइड आणि एचडीएलचं गुणोत्तर जितकं वर, तितकं लघवीतलं अल्ब्युमिन जास्त, असा संबंध अनेक ठिकाणी दिसला आहे. पण यातली बरीच मोजमापं एकाच दिवशी घेतलेली असतात. कोण आधी, कोण नंतर ते त्यातून कळत नाही. पोटाची चरबी, रक्तदाब आणि इन्सुलिनचा विरोध (पेशींनी इन्सुलिनचं न ऐकणं) ही एकच मुळं दोन्हीकडे गेलेली असतात. उलटा रस्ताही आहे: किडनीतून प्रथिन भरपूर जायला लागलं की यकृत जास्त लायपोप्रोटीन बनवतं आणि चरबी वाढते.

औषधांच्या चाचण्या याच संशयाला बळ देतात. फील्ड या चाचणीत ९,७९५ मधुमेहींना फेनोफायब्रेट ही ट्रायग्लिसराइड उतरवणारी गोळी किंवा नकली गोळी दिली. फेनोफायब्रेटने अल्ब्युमिन वाढण्याचं प्रमाण कमी झालं, पण क्रिएटिनिन वाढलं आणि गोळी थांबवल्यावर पुन्हा खाली आलं. २०२२ च्या प्रॉमिनंट चाचणीत पेमाफायब्रेटने ट्रायग्लिसराइड चांगलं उतरलं. हृदयाला फायदा झाला नाही आणि किडनीच्या तक्रारी नकली गोळीपेक्षा जास्त निघाल्या. २०११ च्या शार्प चाचणीत किडनीच्या रुग्णांना सिम्व्हास्टॅटिन आणि इझेटिमाइब या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या दिल्यावर हृदयाचे व रक्तवाहिन्यांचे झटके १७ टक्क्यांनी कमी झाले, पण किडनीची घसरण मंदावली नाही. म्हणून आमचं मत असं की ट्रायग्लिसराइड हा किडनीच्या बाबतीत इशारा मानावा. तो आकडा गोळीने खाली आणला म्हणजे किडनी वाचली, असा हिशेब मांडू नये.

रिपोर्टवरून काय काढता येतं आणि कुठे चुकतं

वरच्या नमुन्यावर चार आकडेमोडी करून बघू. ट्रायग्लिसराइड भागिले एचडीएल: १८६ ÷ ३८ = ४.९. मिलिग्रॅममधल्या आकड्यांसाठी ३ च्या वर गेलं की इन्सुलिनचा विरोध असण्याची शक्यता धरतात. सगळ्यात सोपं आणि आमच्या मते पुरेसं गुणोत्तर हेच.

एआयपी म्हणून छापतात ते याच गुणोत्तराचं १० पायाचं लॉगरिदम, पण आकडे मिलिमोलमध्ये घेऊन. ट्रायग्लिसराइड ÷ ८८.५ आणि एचडीएल ÷ ३८.७ करायचं: २.१० आणि ०.९८, गुणोत्तर २.१४, लॉग ०.३३. ०.२१ च्या वर जास्त धोका मानतात. मिलिग्रॅमचेच आकडे सरळ घातले तर ०.६९ येतं आणि माणूस उगाच घाबरतो.

तिसरा टायजी निर्देशांक. ट्रायग्लिसराइड गुणिले उपाशीपोटीची साखर, भागिले २, आणि मग त्या सगळ्याचं नैसर्गिक लॉगरिदम. १८६ × ११२ = २०,८३२; निम्मं १०,४१६; उत्तर ९.२५. इथे दोन चुका नेहमी होतात. फोनच्या कॅल्क्युलेटरवर ‘एलएन’ऐवजी ‘लॉग’ दाबलं तर ४.०२ येतं. आणि दोनाने भागणं लॉगच्या आधी न करता नंतर केलं तर ४.९७ येतं. काही लेखांत हीच दुसरी पद्धत वापरलेली असते, म्हणून कुठलाही टायजी दुसऱ्याशी ताडून बघण्याआधी तो ८–९ च्या घरातला आहे की ४–५ च्या, ते पाहा. त्याला सर्वमान्य सीमारेषाही नाही.

चौथं रेमनंट कोलेस्टेरॉल: एकूण वजा एचडीएल वजा एलडीएल. इथे २०४ − ३८ − १२९ = ३७. आता १८६ ला ५ ने भागून बघा, तेही ३७ च येतं. हा योगायोग नाही. लॅबने एलडीएल मोजलेलंच नाही. १९७२ च्या फ्रीडवाल्ड सूत्राने काढलंय, आणि त्या सूत्रात व्हीएलडीएल म्हणजे ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग असं गृहीतच आहे. अशा रिपोर्टवरून काढलेलं रेमनंट म्हणजे ट्रायग्लिसराइडच, वेश बदललेलं. नवी माहिती शून्य. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं तर हे सूत्र निकामी होतं आणि एलडीएल थेट मोजून घ्यावं लागतं. त्यापेक्षा नॉन-एचडीएल काढा, एकूण वजा एचडीएल, इथे १६६. त्यात सूत्राचा गोंधळ नाही, उपाशीपोटाचीही अट नाही. परवडत असेल तर एपो-बी या प्रथिनाची तपासणी करावी: प्रत्येक घातक कणावर एपो-बीचा एकच रेणू असतो, त्यामुळे ती कणांची मोजदाद होते.

आणि एक गोष्ट मनात पक्की असू द्या: एकाच माणसाचं ट्रायग्लिसराइड आठवड्या-आठवड्यात २० टक्के वरखाली होणं नेहमीचं आहे. १८६ चं १५५ झालं म्हणून पथ्य फळलं असं नाही, आणि २२० झालं म्हणून बिघडलं असंही नाही.

रक्त देताना

‘उपाशी या’ असं सांगितलं की आपल्याकडे काही जण चतुर्थीचा उपास धरून, साबुदाण्याची खिचडी खाऊन येतात. लॅबचं उपाशी म्हणजे १० ते १२ तास पाण्याशिवाय काहीही नाही; बिनसाखरेचा चहासुद्धा नाही, कारण दूध आलंच. पाणी मात्र प्या, निर्जळी राहू नका. आदल्या रात्री लग्नाचं जेवण नको, तीन दिवस दारू नको. दिवाळीचा फराळ चालू असताना केलेलं ट्रायग्लिसराइड त्या आठवड्याचं असतं, वर्षाचं नव्हे. ताप किंवा मोठं आजारपण होऊन गेलं असेल तर महिनाभर थांबा. आजारात एलडीएल खाली जातं आणि ट्रायग्लिसराइड वर.

पहिल्यांदा चरबी बिघडलेली दिसली की टीएसएच ही थायरॉइडची तपासणी करून घ्या. थायरॉइड मंद असेल तर कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड वाढतात, आणि त्याच वेळी क्रिएटिनिनही वाढून ईजीएफआर खाली दिसतो. चरबी आणि किडनी दोन्ही एकदम बिघडल्यासारखी वाटतात आणि थायरॉइडच्या गोळीने दोन्ही सुधारतात. स्टेरॉइड, थायझाइड वर्गातल्या रक्तदाबाच्या गोळ्या, काही गर्भनिरोधक गोळ्या, यांनीही ट्रायग्लिसराइड वाढतं. आदल्या रात्री मटणावर ताव मारला असेल किंवा जिममध्ये क्रिएटिनची पावडर चालू असेल तर क्रिएटिनिन वाढून येतं.

लघवी देताना

लॅबला नेमकं सांगायचं: ‘युरिन एसीआर’, म्हणजे अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर. यादीत कधी ‘मायक्रोअल्ब्युमिन’ लिहिलेलं असतं. त्यात क्रिएटिनिन आहे का ते विचारून घ्या. नुसतं मायक्रोअल्ब्युमिन मिलिग्रॅम प्रति लिटर असं आलं तर त्याचा अर्थ लागत नाही, कारण पाणी जास्त प्यायलं की तो आकडा पडतो.

हिशेब बघा. अल्ब्युमिन १२ मिलिग्रॅम प्रति लिटर, दिसायला किरकोळ. पण माणूस भरपूर पाणी पिऊन आला आहे आणि लघवीतलं क्रिएटिनिन ३० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे लिटरला ०.३ ग्रॅम. १२ ÷ ०.३ = ४०. हा वाढलेला एसीआर आहे. उलट, अल्ब्युमिन ४० आणि क्रिएटिनिन १६० असेल तर ४० ÷ १.६ = २५, मर्यादेत. गुणोत्तर हवं ते यासाठी. त्यालाही एक खोच आहे: अंगात स्नायू कमी असलेल्या, वाळलेल्या म्हाताऱ्या माणसाचं क्रिएटिनिन मुळातच कमी, त्यामुळे भागाकार फुगतो, पैलवानाचा उलट दबतो.

एसीआर (मिलिग्रॅम प्रति ग्रॅम) ३० च्या खाली ठीक, ३० ते ३०० मध्यम वाढ, ३०० च्या वर जास्त वाढ. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांच्या रिपोर्टवर एकक मिलिग्रॅम प्रति मिलिमोल असतं. तिथला ३ म्हणजे आपला साधारण ३०. घरच्यांशी फोनवर आकडे ताडताना हे लक्षात ठेवलं नाही तर दहापटीचा घोळ होतो.

सकाळची पहिली लघवी घ्या. सुरुवातीची थोडी सोडून मधली धार स्वच्छ डबीत, १० ते २० मिलिलिटर पुरे. आदल्या २४ तासांत जोराचा व्यायाम, गड चढणं, लांब पळणं नको. पाळी चालू असताना, ताप असताना, लघवीला जळजळ असताना देऊ नका; तिन्हीत अल्ब्युमिन खोटं वाढतं. रक्तदाब फार चढलेला असतानाही तसंच होतं. लगेच लॅबला पोचवता आली नाही तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. गोठवली की अल्ब्युमिनचा काही भाग खाली बसतो आणि आकडा कमी येतो.

रुटीन तपासणीतली ‘प्रोटीन: निल’ ही ओळ इथे उपयोगाची नाही. लघवीत बुडवायची पट्टी रंग बदलते ते अल्ब्युमिन लिटरला साधारण १५० ते ३०० मिलिग्रॅम झाल्यावर. त्याच्या कितीतरी खाली, जिथे अजून पुष्कळ काही करता येतं, तिथे ती गप्प असते. १९६३ साली लंडनमध्ये हॅरी कीन यांनी किरणोत्सारी पद्धतीने लघवीतलं अगदी थोडं अल्ब्युमिन मोजून दाखवलं ते याचसाठी. आज तीच गोष्ट तालुक्याच्या गावातल्या लॅबलाही करून देता येते.

एकदा ३० च्या वर आलं म्हणजे आजार ठरला असं नाही. एसीआर दिवसागणिक दुप्पट-निम्मा होऊ शकतो. तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन वेळा वाढलेला आला तर तो खरा धरतात. या मधल्या काळात डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या आणि घटक न छापलेली भस्मं बंद ठेवलेली बरी.

प्री-डायबेटिसमध्ये सगळ्यांचा एसीआर करा, असं मार्गदर्शक तत्त्वं म्हणत नाहीत. टाइप २ मधुमेहात मात्र निदानाच्या दिवसापासून दरवर्षी करायला सांगतात, कारण निदान होईपर्यंत काही जणांच्या किडनीत बदल झालेले असतात. अमेरिकेतल्या १९९९ ते २००६ च्या राष्ट्रीय पाहणीत किडनीच्या जुनाट आजाराच्या खुणा प्री-डायबेटिसमध्ये १७.७ टक्क्यांत आणि साखर नॉर्मल असलेल्यांत १०.६ टक्क्यांत होत्या. या फरकात वय आणि रक्तदाबाचाही वाटा आहे. म्हणून आम्ही रेघ अशी ओढू: बॉर्डरवरच्या शुगरबरोबर रक्तदाब १३०/८० च्या वर, किंवा ट्रायग्लिसराइड-एचडीएल गुणोत्तर ३ च्या वर आणि पोट सुटलेलं, किंवा घरात किडनीचा आजार, किंवा गरोदरपणात साखर अथवा रक्तदाब वाढल्याचा इतिहास, यातलं एकही असलं तर एसीआर करावा. ठीक आला तर वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा.

वाढलेला आला तर

सर्वांत आधी रक्तदाब. घरी, दंडाच्या मशीनवर, पाच मिनिटं शांत बसून, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा, आठवडाभर लिहून डॉक्टरांना दाखवा. अल्ब्युमिन आणि रक्तदाब दोन्ही वाढलेले असतील तर एसीई इनहिबिटर किंवा एआरबी वर्गातली गोळी, टेल्मिसार्टनसारखी, गाळणीतला दाब उतरवते. सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघतात. क्रिएटिनिन थोडं वाढणं अपेक्षित असतं. ३० टक्क्यांच्या आतली वाढ पाहून गोळी आपल्या मनाने थांबवू नका. गरोदर बाईला ही गोळी चालत नाही, मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोला.

मीठ दिवसाला ५ ग्रॅम, चहाचा सपाट चमचाभर, आणि त्यात पापड, लोणचं, ठेचा, फरसाण, सुकट हे सगळं धरून. भाजीतलं मीठ कमी करून शेजारी लोणच्याची फोड घेतली तर हिशेब तिथेच फसतो.

वजन आणि चालणं यांनी साखर, ट्रायग्लिसराइड आणि रक्तदाब तिन्ही एकदम हलतात, म्हणून त्यांना औषधांच्या आधी मान. अमेरिकेतल्या डीपीपी या मधुमेह टाळण्याच्या चाचणीत ७ टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम हे लक्ष्य होतं. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. चेन्नईच्या आयडीपीपी-१ मध्ये, आपल्यासारख्याच लोकांत, ही घट २८.५ टक्के होती आणि मेटफॉर्मिन या गोळीने २६.४. आकडा लहान आहे, पण तो आपला आहे. ट्रायग्लिसराइडसाठी ताटात पहिला हात भाताच्या दुसऱ्या वाढणीला, साखरेच्या चहाला आणि दारूला लावावा. तुपावर राग नंतर काढा.

स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, हृदयासाठी. वय ५० च्या पुढे आणि किडनीचा जुनाट आजार ठरला असेल तर ते द्यावं असं केडिगो या किडनीविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेची तत्त्वं सांगतात. त्याआधी एकूण धोका बघून. स्टॅटिनने साखर थोडी वाढते, ही भीती खरी पण लहान आहे: १३ चाचण्या एकत्र करून निघालेला हिशेब असा की २५५ जणांनी ४ वर्षं घेतल्यावर एक जास्तीचा मधुमेही. २०० च्या आसपासच्या ट्रायग्लिसराइडवर लगेच फेनोफायब्रेट सुरू करण्याची घाई नको, क्रिएटिनिन ०.९ चं १.१ होतं आणि मग ती वाढ किडनीची की गोळीची, यात महिने जातात. ५०० च्या वर गोष्ट वेगळी, तिथे स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो आणि औषध लागतंच.

डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची औषधं मधुमेह नसलेल्या किडनीच्या रुग्णांनाही उपयोगी पडली आहेत. पण डापाग्लिफ्लोझिनच्या डापा-सीकेडी चाचणीमध्ये एसीआर २०० च्या वर आणि ईजीएफआर २५ ते ७५ असलेले लोक होते. ईजीएफआर १०८ आणि एसीआर ४५ अशा प्री-डायबेटिक माणसावर तो निष्कर्ष तसाच लावता येत नाही.

त्या ४४ वर्षांच्या माणसाच्या चिठ्ठीवर मग काय असावं? सकाळच्या पहिल्या लघवीचा एसीआर, टीएसएच, ईजीएफआरसकट क्रिएटिनिन, आणि घरच्या रक्तदाबाची सात दिवसांची वही. एसीआर ३० च्या वर आला तर तोच पुन्हा तीन महिन्यांच्या आत, त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने. साखर आणि चरबी सहा महिन्यांनी.